सगळे उतरले

शाळेच्या बावीस बसगाड्यांवर बावीस सहायिका होत्या, पण बसमावशी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच बाई यायची. सात नंबरच्या गाडीवरची. ठेंगणी, ठसठशीत, कमरेला पाऊच. पाऊचात रुमाल, जखमेच्या पट्ट्या, उलटीच्या पिशव्या, दोन पेनं आणि वर एक पेन्सिल, कारण पेनं ऐनवेळी दगा देतात असं तिचं ठाम मत. पोरांच्या बुटांच्या नाड्या ती चालत्या गाडीत, एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने बांधायची. एका हाताने नाडी कशी बांधतात ते मला विचारू नका. मी दोन्ही हातांनी बांधतो तरी सुटते.

आणि तिची यादी! चौतीस नावं, पुढे तीन रकाने: चढला, उतरला, शेरा. प्रत्येक खूण एका मापाची, छापल्यासारखी. कामावर नवी सहायिका आली की कचेरीत तिच्यापुढे सात नंबरची यादी ठेवायचे आणि म्हणायचे, हे बघा, असं काम पाहिजे. चौदा महिन्यांपूर्वी चौकशी झाली तेव्हाही टेबलावर हीच यादी होती, आणि त्याच यादीने एका माणसाची नोकरी खाल्ली. तो माणूस अगदी निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पण जेवढं त्याच्या माथी आलं त्यातला मोठा वाटा या बाईचा होता, आणि हे सगळ्या जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक तिला, एक त्याला.

झालं ते असं. शेवटच्या थांब्यावरचं मूल चढलं की शाळेपर्यंत सात मिनिटांचा सरळ रस्ता लागतो. त्या रस्त्यावर बसमावशी 'उतरला'च्या रकान्यात चौतीस खुणा करून टाकायची. हो, मुलं उतरायच्या आधीच. नाकं मुरडू नका, बावीसच्या बावीस जणी तेच करायच्या. शाळेच्या फाटकावर मागून बाकीच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, रखवालदार खिडकीतून हात घालून यादी मागतो, ती तिथल्या तिथे द्यावी लागते. रकाना अर्धवट दिसला की शेरा, आणि तीन शेरे झाले की कचेरीत बोलावणं. त्यात एकाची पाण्याची बाटली गळतेय, एकाचा बूट सापडत नाहीये, एक आईची आठवण काढून भोकाड पसरतोय. हातात पेन धरायचं की पोर? तिला काम शिकवणाऱ्या जुन्या बाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "खुणा सरळ रस्त्यावर करून मोकळी हो. फाटकावर हात रिकामे पाहिजेत." अकरा वर्षं ती तसंच करत आली आणि पहिली दहा वर्षं काही बिघडलं नाही.

गाडीचा ड्रायव्हर वयाने तिच्याहून मोठा. इतका उंच की मुलं त्याला लांबकाका म्हणायची. ती त्यांना दादा म्हणायची, ते तिला ताई. नऊ वर्षं दोघं एकाच गाडीवर. नियम असा की मुलं उतरली की ड्रायव्हरने शेवटच्या सीटपर्यंत एक फेरी मारायची आणि मगच गाडी हलवायची. लांबकाकांचे गुडघे कुरकुर करायला लागले तेव्हा बसमावशीच म्हणाली, "दादा, तुम्ही बसा हो. मी असते ना मागे." तेव्हापासून फेरीच्या जागी एक प्रश्न आला. "ताई, मागे झालं का?" "झालं, दादा." की गाडी सुटली.

त्या दिवशी मधल्या सीटवर एका पोराने उलटी केली. बसमावशी त्याला कडेवर घेऊन खाली उतरली, त्याचं तोंड धुतलं, वर्गताईच्या हवाली केलं आणि धावत परत आली. मागून हॉर्न. "ताई, मागे झालं का?" तिने मागे पाहिलं नाही. नजरेसमोर नुकतीच रखवालदाराला दिलेली यादी होती, चौतीसच्या चौतीस खुणा असलेली. "झालं, दादा," ती म्हणाली.

शेवटच्या सीटखाली बालवर्गातली छोटी झोपली होती. दप्तरावर डोकं ठेवून आडवी झालेली, ब्रेक लागला तेव्हा खाली घसरलेली. एक तास चाळीस मिनिटं ती आवारात उभ्या केलेल्या बंद गाडीत होती. गाडी धुवायला आलेल्या बाईला ती सापडली. पोरगी वाचली, दोन दिवस दवाखान्यात राहिली आणि घरी गेली. घसा मात्र ओरडून ओरडून इतका बसला होता की आठवडाभर आवाज फुटत नव्हता.

चौकशीला टेबलामागे तिघे बसले होते. बसमावशीला विचारलं, यादी तुमच्या हातची? हो. सगळ्या खुणा तुम्हीच केल्या? हो. यात एक अक्षर खोटं नव्हतं. कधी केल्या, हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मग लांबकाकांना विचारलं, शेवटची फेरी मारलीत का? "नाही मारली, साहेब." का नाही मारलीत? लांबकाकांनी मान वळवून एकदा तिच्याकडे पाहिलं. तिने पाऊचाची चेन उघडली, बंद केली, उघडली. मग ते म्हणाले, "राहिली." संध्याकाळी त्यांनी गाडीच्या किल्ल्या जमा केल्या. बसमावशीला चार ओळींचं पत्र मिळालं: आपल्या नोंदी चोख असल्याचे आढळले.

उद्या सांगू, असं ती त्या रात्री म्हणाली. परवाही म्हणाली. मग आठवडा गेला आणि मग असं झालं की सांगायचं तर आधी 'आठवडाभर का नाही सांगितलं' याचं उत्तर द्यावं लागणार. महिना झाल्यावर ते उत्तर आणखी अवघड झालं. असं करत करत चौदा महिने. छोटीला तिचे वडील आता स्कूटरवरून दुसऱ्या शाळेत सोडतात. रोज सकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सात नंबरची गाडी आली की छोटी वडिलांच्या पाठीत तोंड खुपसते, आणि गाडीतली बाई यादीत. दोघी एकमेकींना बघत नाहीत.

तर अशी ही बाई, आणि तिच्याकडेच वाहतूकबाईंनी अ‍ॅपचं काम आणून दिलं. वाहतूकबाई म्हणजे शाळेच्या सगळ्या गाड्यांच्या मुख्य. वयाने लहान, चालणं असं की मागे राहणाऱ्याला धाप लागावी. दुपारी सहायिकांच्या खोलीत आल्या, मोबाइल पुढे केला.

"मावशी, हे बघा. एआय आहे. याला साध्या मराठीत लिहून सांगितलं की अ‍ॅप बनवून देतं. कोड-बिड काही लागत नाही, फक्त काय हवंय ते स्पष्ट सांगता आलं पाहिजे. तुमच्याइतकं स्पष्ट बोलणारं इथे आहे का कुणी?"

"मी? अहो, मला साधा गजर लावता येत नाही."

"गजर मी लावते. अ‍ॅप तुम्ही सांगा. पुन्हा कुणी ड्रायव्हर फेरी विसरायला नको, एवढंच करायचंय. शनिवारी पालकसभा आहे, तिथे तुम्हीच दाखवायचं. पालकांचा तुमच्यावर विश्वास आहे."

शेवटचं वाक्य ऐकून बसमावशीने नाही म्हणायला तोंड उघडलं खरं, पण मनात दुसरंच आलं: निदान हे तरी चांगलं करू. एवढं केलं तर आतली टोचणी थोडी कमी होईल. प्रायश्चित्त असं स्वस्तात मिळत असेल तर कोण सोडतं? तिने मोबाइल घेतला.

सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्यामध्ये सहायिकांना चार तास मोकळे असतात. खोलीत एक लांब बाक, पाणी उकळायची किटली, चार्जरवरून चाललेली भांडणं. त्या खोलीने या एआयचं बारसं केलं, 'बनव्या'. पहिल्या दिवशी सगळ्याजणी बसमावशीच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. तीन नंबरची म्हणाली, "त्याला म्हणावं, सांगितलेलं ऐकणारा नवरा बनवून दे." बारा नंबरची म्हणाली, "एवढं बनवणारं यंत्र असतं तर ही खोली रिकामी असती का?"

बसमावशीने बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं: शाळेच्या बससाठी चांगलं अ‍ॅप बनव. बनव्याने दोन मिनिटांत बनवलं. हसरी पिवळी बस, खाली मुलांचे वाढदिवस, आणि बसचा रंग निवडायची सोय. सगळ्याजणी पोट धरून हसल्या.

घरी नवऱ्याला दाखवलं. नवरा न्हावी, कोपऱ्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान, आणि जीभ कात्रीपेक्षा जास्त चालणारी. तो म्हणाला, "अगं, माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, म्हणतं, जरा चांगले कापा. चांगले म्हणजे कसे? बाजूने किती, मागून किती, पुढची बट ठेवायची की उडवायची? ते न सांगता बसतात आणि मग आरशात बघून माझ्यावर डाफरतात. तुझ्या त्या बनव्याचं तेच झालंय. कोण वापरणार, कधी, कुठे उभं राहून, हातात काय असताना, सगळं ओळीने सांग की."

म्हणून दुसऱ्या दिवशी तिने ओळीने सांगितलं. लिहिलं: हे अ‍ॅप गाडीवरची सहायिका आणि ड्रायव्हर वापरणार. गाडीत चौतीस मुलं. मूल चढलं की त्याच्या नावापुढे खूण. मुलं उतरली की पुन्हा खूण. सगळ्या खुणा झाल्या की ड्रायव्हरने शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं आणि 'बघितलं' बटण दाबायचं. ड्रायव्हर विसरला तर मोबाइल ओरडला पाहिजे. फाटकावर फार घाई असते, हात मोकळे नसतात, म्हणून एकाच बटणाने सगळ्यांची खूण झाली पाहिजे. बटणाचं नाव 'सगळे उतरले'.

बनव्याने विचारलं, खुणा कोण करतं? तिने लिहिलं, सहायिका. बनव्याने विचारलं, अडचण कुठे येते? तिने लिहिलं, ड्रायव्हरकडून. लिहिताना अंगठा जरा थबकला, पण लिहिलं. खरंच सांगतो, तिचा मला राग येतो. चौदा महिने गप्प बसली ते एकवेळ समजू शकतो, भीतीने माणसाची वाचा बसते. पण इथे बाकावर बसून, कुणी दम देत नसताना, तिने त्याच माणसाला पुन्हा एकदा दोषी ठरवलं, आणि तेही एका यंत्राजवळ.

अ‍ॅप झकास झालं. गुरुवारी दुपारी आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत त्याची चाचणी करायचं ठरलं. नव्या ड्रायव्हरला तिने स्टिअरिंगवर बसवलं. हा तरुण माणूस, कामाला चांगला, लांबकाकांना त्याने कधी पाहिलेलंही नव्हतं. छोटीच्या जागी काहीतरी हवं म्हणून तिने आपलीच कापडी पिशवी शेवटच्या सीटखाली सरकवली. मग दाराशी आली आणि रोजच्यासारखंच सगळं करू लागली. समजा, शेवटचा थांबा झाला. समजा, सरळ रस्ता लागला. तिचं बोट आपोआप 'सगळे उतरले'वर गेलं. चौतीस हिरव्या खुणा. समजा, फाटक आलं. समजा, मुलं उतरली. ती खाली उतरून परत वर चढली.

नव्या ड्रायव्हरच्या मोबाइलने ओरडायला सुरुवात केली, ड्रायव्हरने मागे जाऊन बघावे. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "मावशी, मागे झालं का?"

"झालं," ती म्हणाली.

त्याने बटण दाबलं. ओरडणं थांबलं. दोन्ही मोबाइलवर हिरवी अक्षरं आली: सर्व मुले सुखरूप उतरली आहेत. धन्यवाद.

ती पायरीवर मटकन बसली. हा प्रश्न त्या पोराला कुणी शिकवला होता? कुणी नाही. त्याच्या जागी कुणीही असता तरी तेच विचारलं असतं. आणि तिच्या जागी ती होती. नवा ड्रायव्हर गोंधळून म्हणाला, "मावशी, चाललं ना अ‍ॅप?" तिने मान हलवली, मागे गेली, सीटखालून पिशवी काढली आणि छातीशी धरून कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.

खोलीत येऊन तिने तणतणत लिहिलं: तू चुकीचं बनवलंस. मूल मागेच राहिलं आणि तू धन्यवाद म्हणतोस.

बनव्या काही चिडला नाही. त्याने लिहिलं: तुम्ही सांगितल्याप्रमाणे 'सगळे उतरले' हे बटण मुलं उतरण्याआधीही दाबता येतं, आणि 'बघितलं' हे बटण ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दाबता येतं. प्रत्यक्षात खुणा मुलं उतरण्याआधी केल्या जातात का? मूल मागे राहिल्याची घटना पूर्वी घडली असेल, तर ती जशी घडली तशी क्रमाने सांगा. कोण कुठे होतं, कोणी काय पाहिलं, आणि कोणी न पाहता काय धरून चाललं.

चौकशीच्या तिघांनी दोन तास प्रश्न विचारले होते, पण हे त्यांना सुचलं नव्हतं. शेवटचं वाक्य तिने तीनदा वाचलं. किटली बंद पडली होती, बाकीच्या जणी गाड्यांकडे निघाल्या होत्या. तिने लिहायला घेतलं.

खुणा मी करते. मुलं उतरायच्या आधी, सरळ रस्त्यावर. त्या दिवशीही तशाच केल्या होत्या. मी उलटी झालेल्या मुलाला घेऊन खाली गेले होते. परत आले तेव्हा दादांनी विचारलं, मागे झालं का. मी मागे बघितलं नाही. मी झालं म्हणाले. दादा फेरी मारत नव्हते कारण मीच त्यांना मारू नका म्हणाले होते. ते काही विसरले नव्हते. त्यांनी मला विचारलं होतं.

अकरा वर्षांत तिने एवढं लांब काही लिहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ओढणीने मोबाइलची काच पुसत होती, त्यामुळे भलतीच अक्षरं उमटत होती आणि ती खोडून पुन्हा लिहीत होती. शेवटी पाठवलं. दुपारच्या फेरीला त्या दिवशी सात नंबरची गाडी चार मिनिटं उशिरा सुटली, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी बघते तर नवं अ‍ॅप तयार. 'सगळे उतरले' बटण नाहीसं झालं होतं. आता गाडी फाटकाशी थांबल्याशिवाय उतरण्याचा रकाना उघडतच नव्हता, आणि खूण एकेका मुलाची, ते पायरीवरून खाली गेल्यावर. शेवटच्या सीटमागे क्यूआर कोडची एक चौकोनी चिठ्ठी चिकटवायची, सहायिकेने स्वतः तिथे जाऊन मोबाइलने ती टिपायची, मगच ड्रायव्हरला 'गाडी हलवा' असा निरोप. ज्या बाईच्या हाताने चूक झाली होती तिच्याच पायांना बनव्याने काम लावलं होतं. आणि पहिल्याच पानावर, वरच्या बाजूला, त्याने आपण होऊन एक ओळ घातली होती: सहायिकेने आधीच केलेल्या खुणांमुळे मूल गाडीत राहू नये, यासाठी हे अ‍ॅप आहे.

तिने मोबाइल नवऱ्यापुढे ठेवला. त्याने ओळ वाचली, मग ती वर सरकवून तिने लिहिलेलं सगळं वाचलं.

"हे खरं?" त्याने विचारलं.

"खरं."

"चौदा महिने माझ्या शेजारी बसून जेवलीस तू." तो म्हणाला. "आणि मी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत बसलो, त्या लांब्यामुळे पोरगी मेली असती. तो दाढीला यायचा बंद झाला तेव्हा म्हटलं, बरं झालं, ब्याद गेली. तू तिथेच बसून ऐकत होतीस."

खरं होतं, ऐकतच होती.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ. अ‍ॅप नीट झालंय ना आता? पुढची पोरं वाचतील ना? मग ती ओळ काढून टाक. झालं ते झालं. तुझी नोकरी गेली तर त्यात कुणाचं भलं आहे?"

बोलणं काही वेडेपणाचं नव्हतं. ती रात्रभर तेच घोळवत राहिली आणि शुक्रवारी दुपारी बनव्याला लिहिलं: पहिल्या पानावरची ओळ काढ. बनव्याने लिहिलं: काढली. आणखी काही बदल हवा आहे का? बस, एवढंच. का काढायची, असंही त्याने विचारलं नाही. कुणीतरी अडवेल असं तिला कुठेतरी वाटत होतं, ते तिला तेव्हा कळलं. अडवायला कुणीच नव्हतं. तिला स्वतःची अशी किळस आली की ती डबा तसाच ठेवून उठली.

शनिवारी सभागृहात साठ-सत्तर पालक होते. पडद्यावर मोबाइल दिसत होता. बसमावशीने दाखवायला सुरुवात केली आणि एकदा सुरुवात झाल्यावर तिची जीभ चालू लागली. ही खूण आता अशी, ही चिठ्ठी इथे, माझे पाय इथवर गेल्याशिवाय गाडी हलणार नाही. एक आई म्हणाली, "मावशी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निश्चिंत असतो." टाळ्या झाल्या. वाहतूकबाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

तिसऱ्या रांगेतले एक वडील उभे राहिले. आवाजात खोच नव्हती, साधी शंका होती. "मला एक कळलं नाही. तेव्हा चूक ड्रायव्हरची झाली होती ना? फेरी त्याने मारली नव्हती. मग अ‍ॅप मावशींना का मागे पाठवतं? आणि आधी खुणा करता येऊ नयेत याची एवढी काळजी कशाला? मावशी कशाला आधी खुणा करतील?"

वाहतूकबाई चटकन पुढे झाल्या. "दुहेरी सुरक्षा, सर. एकाने पाहिलं तरी दुसऱ्यानेही पाहावं म्हणून." वडिलांनी मान डोलावली आणि ते खाली बसू लागले. झालं, संपलं होतं. बसमावशीने फक्त हो म्हणायचं होतं, तेही जोरात नाही.

"नाही," ती म्हणाली. "चूक माझी होती."

तिने सांगितलं. बनव्याला सांगितलं होतं तसंच, क्रमाने. सरळ रस्ता, खुणा, उलटी, प्रश्न, झालं दादा. चौकशीत खुणा कधी केल्या ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दादा माझ्याकडे बघत होते, मी पाऊच उघडत होते. ती एकदाही अडखळली नाही. निश्चिंत असतो म्हणणाऱ्या आईने मान खाली घातली होती. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आणि का वाजवाव्या?

बाहेर आल्यावर वाहतूकबाई म्हणाल्या, "मावशी, हे आधी मला सांगायला हवं होतंत."

"हो," ती म्हणाली. "चौदा महिने आधी."

चौकशी पुन्हा उघडली. ती पूर्ण होईपर्यंत तिला गाडीवर यायचं नाही असं सांगण्यात आलं. अ‍ॅप बावीसही गाड्यांवर लागलं. सहायिकांच्या खोलीत ती पाऊच जमा करायला गेली तेव्हा तीन नंबरचीने तोंड फिरवलं. बारा नंबरची फटकन म्हणाली, "स्वतः बुडालीस ते बुडालीस, आमचंही पितळ उघडं पाडलंस." तेही खरंच होतं.

रविवारी सकाळी ती लांबकाकांकडे गेली. शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामाच्या फाटकावर ते बसायचे. येणाऱ्या मालट्रकचा नंबर लिहायचा, आडवा दांडा वर करायचा, खाली करायचा. पत्र्याची एक खोली, एक टेबल, दोन स्टुलं. केस पार पांढरे झाले होते. तिला बघून ते उठले, स्टूल रुमालाने पुसलं आणि म्हणाले, "बसा, ताई."

तिने सगळं सांगितलं. सभेतलं सांगितलं, बनव्याचं सांगितलं, ओळ काढायला लावली होती तेही सांगितलं. मध्ये दोन ट्रक आले, लांबकाकांनी नंबर लिहिले, दांडा वर-खाली केला आणि परत येऊन बसले.

"त्या दिवशीचं मी त्याच दिवशी सोडून दिलं होतं, ताई," ते म्हणाले. "फेरी माझी होती, मी मारली नाही. तुम्ही झालं म्हणालात, मी मानलं. चूक दोघांची. त्याचा राग मला कधीच नव्हता."

तिला रडू फुटलं. चौदा महिन्यांचं ओझं उतरतंय असं वाटलं. "दादा, तुम्ही देवमाणूस आहात. मला वाचवायला म्हणून तुम्ही चौकशीत गप्प बसलात..."

"छे हो." ते आश्चर्याने म्हणाले. "तुम्हाला वाचवायला नाही. मला वाटलं, तुम्ही सांगाल. मी सांगितलं असतं तर तुमच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. म्हटलं, ताई आहेत, स्वतःच बोलतील. तिथे नाही बोललात. म्हटलं, घाबरल्या असतील, घरी येतील. बायकोला सांगून ठेवलं होतं, ताई येतील, मी नसलो तरी त्यांना बसवून घे. महिनाभर ती रोज विचारायची, आल्या का? मग विचारेनाशी झाली."

तिने ओढणीने डोळे पुसले.

"दादा, मला माफ करा."

"त्या दिवशीचं केलं की," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "पण पुढचे चौदा महिने एकेक दिवस करून गेले, ताई. रोज सकाळी उठायचो आणि वाटायचं, आज. त्यांचं काय करायचं ते मला खरंच कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ते वही घेऊन उठले आणि दांड्याकडे गेले. बसमावशी स्टुलावर बसून राहिली. तिने उत्तर खूप शोधलं. ते नंबर लिहून, दांडा खाली करून परत आले आणि समोर बसले, तरी तिला काही सांगता आलं नाही.